चौथ्या गटाचं निधनाचं पान

आठवीच्या मुलांनी गटागटाने वर्तमानपत्र काढायचं आणि भरतन माशांनी (इकडे मास्तरांना माश म्हणतात) ते तपासायचं, हा आमच्या शाळेतला दर जानेवारीचा कार्यक्रम. तपासणीसाठी शिक्षण खात्याकडून छापील तक्ता येतो. माहिती, भाषा, मांडणी, सहकार्य असे रकाने आणि शेवटी शेऱ्याला दोन ओळींची जागा. मी शेजारच्या वर्गाला शिकवतो, पण माशांचा शेरा दोन ओळींत मावल्याचं कधी पाहिलेलं नाही. एका बातमीवर त्यांनी लिहिलं होतं: "बस उशिरा येते म्हणजे किती उशिरा? ड्रायव्हरला विचारलंत का? त्याचीही काही बाजू असेल."

त्यांचे नियम दोनच. प्रत्येक बातमी दोन माणसांकडून खात्री करून घ्यायची आणि निधनाचं पान हवंच. ते नसेल तर वर्तमानपत्र कसलं, ते पत्रक. यावर इकडे उत्तर केरळात, पय्यन्नूरच्या आसपास तरी कुणाचं दुमत नाही. सकाळी पेपर आला की लोक आधी ते पान उघडतात. सरकार राहिलं की पडलं हे नंतर चहाबरोबर बघतात. फोटो, वय, मुलं, सुना, जावई, कोण दुबईला, कोण बँकेत. छापलेली नावं सगळे वाचतात, आणि न छापलेलं नाव कोणतं हे सगळ्यांच्या आधी लक्षात येतं.

माशांच्या घरात असं एक नाव होतं. वनजा, त्यांची धाकटी बहीण. बावीस वर्षांपूर्वी तिने सुधाकरनशी लग्न केलं. माशांचे वडील चिंडन जुने विडी कामगार संघटनेतले. जातपात त्यांनी भाषणांत कधीच मोडून काढली होती. पण सुधाकरनचा बाप विडी कारखान्याचा मॅनेजर होता, संप मोडणारा. त्याच्यावर कुठल्या भाषणात उपाय नव्हता. "माझ्या निधनाच्या बातमीत एकच मूल लिहायचं," असं चिंडननी मुलाला बजावलं होतं. मंगळूरला बहिणीला भेटायला मास्तर वर्षातून दोनदा जात आणि घरी सांगत, प्रशिक्षण आहे. इतकी प्रशिक्षणं खात्यालाही कधी झेपली नव्हती. वडील ब्याण्णव वर्षांचे झाले तसं माशांचं सगळं मागणं एवढ्यावर आलं होतं, की ते डोळे मिटण्याआधी वनजाने एकदा त्या उंबऱ्याच्या आत यावं.

त्या आठवड्यात चौथ्या गटाची पंचाईत झाली. पंचायतीच्या हद्दीतली आधीची निधनं बाकीच्या गटांनी उचलली होती आणि नंतर कुणी मेलंच नाही. मंगळवारी मात्र चिंडनना धाप लागून इस्पितळात नेलं आणि चहाच्या दुकानात "आज ना उद्या" असं ठरून गेलं. गटाची प्रमुख रिन्शा तयारीला लागली. गुरुवारी म्हातारा पेज पिऊन घरी परतला. शुक्रवारी वर्तमानपत्रं जमा झाली, आणि चौथ्या गटाच्या शेवटच्या पानावर चिंडन होते. रंगीत पेन्सिलीने काढलेला चेहरा, खाली मजकूर.

मुख्याध्यापिका शांताकुमारी टीचरांचा पारा चढला. "जिवंत माणसाला मारलंत? तेही माशांच्या वडलांना?"

"मारलं नाही, टीचर," रिन्शा म्हणाली. "तारखेची जागा रिकामी ठेवलीय. पेपरवाले पण आधी लिहून ठेवतात."

"आणि ही मुलगी-जावयाची नावं कुणी सांगितली?"

"शेजारच्या नारायणीअम्मांनी. मग चहावाल्याला विचारलं. दोघं झाले."

"पालकांना बोलवा आणि गटाला शून्य द्या," टीचर म्हणाल्या. माशांनी पान दोनदा वाचलं, घडी केली आणि म्हणाले, "तपासून सांगतो."

म्हाताऱ्याला बघायला म्हणून मीही संध्याकाळी त्यांच्याबरोबर गेलो. घरी नेलेली मुलांची वर्तमानपत्रं चिंडन मोठ्याने वाचत, हा त्या घरातला रिवाज. त्यांची नोकरीच ती होती. कारखान्यात चाळीसजण विड्या वळत आणि हे स्टुलावर बसून पेपर वाचून दाखवत; यांच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. अट एकच, ओळ गाळायची नाही. एकदा कुठल्याशा मालकाच्या मृत्यूची बातमी त्यांनी रागाने गाळली, तर त्या दिवशी त्यांची एकही विडी कुणी वळली नाही. ही गोष्ट ते स्वतःच सांगत, आणि कामगारांचं बरोबर होतं असंही सांगत.

माशांनी चार वर्तमानपत्रं पुढे केली.

"गट पाच असतात," चिंडन म्हणाले. "चौथा कुठाय?"

"तो राहिला. अपुरा आहे."

"अपुरा आहे म्हणून तर वाचायचा. पिशवी इकडे आण."

माशांनी माझ्याकडे पाहिलं. मी केळ्याच्या भज्यांकडे पाहिलं.

म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली. आवाज बारीक झाला होता, पण शब्द चाळीस माणसांपर्यंत जातील असेच टाकत होते. नळाला पाणी नाही. शाळेच्या मैदानात गाय. खोबरेल तेलाची जाहिरात, तीसुद्धा पूर्ण. मग शेवटचं पान.

"चिंडन, एक्क्याण्णव. माजी विडी कामगार आणि वाचक. यांचे... पुढे जागा रिकामी... रोजी निधन झाले." चष्म्यावरून मुलाकडे एक नजर. "बरं लिहिलंय. चित्रात कान मोठे आलेत. मुलगा: भरतन, शिक्षक. सून: प्रेमजा."

तिथे ते थांबले.

प्रेमजा चहा घेऊन दारातच उभी राहिली. नवऱ्यासारखीच तीही सासऱ्यांना अच्छन, म्हणजे बाबा, म्हणे. "अच्छन, दम लागेल. उरलेलं उद्या वाचा."

"दम लागलेला नाही."

पुढची ओळ त्यांनी बोटाने झाकली, बोट काढलं, पुन्हा ठेवलं. माशांच्या हातात तपासणीचा तक्ता होता आणि त्याचा कोपरा मुडपता मुडपता ते थांबले होते. खोलीत चाळीस माणसं नव्हती, आम्ही तिघंच होतो. पण तिघांचेही हात थांबलेले होते, आणि ते म्हाताऱ्याला दिसलं असावं.

"मुलगी," ते म्हणाले. मग त्याच आवाजात, न दाबता, "वनजा, मंगळूर. जावई: सुधाकरन."

कागद मांडीवर ठेवून त्यांनी चहा मागितला. अर्धा पेला संपल्यावर म्हणाले, "वय चुकलंय. ब्याण्णव. आणि जावई करतो काय? सगळ्यांचे कामधंदे दिलेत, त्याचा नाही. ही कसली बातमी?"

"विचारून घालायला सांगतो," मास्तर म्हणाले. तक्त्याचा मुडपलेला कोपरा ते सरळ करू लागले.

"मुलांना काय सांगतोस? त्यांना कोण सांगणार तिकडचं? तिलाच विचार. फोनवर नको, फोनवर माणसं काहीही सांगतात. समोर येऊन सांगू दे."

रविवारी वनजा आली. दुरुस्तीला दोन माणसांची खात्री लागते, म्हणून सुधाकरनही आला. तो मंगळूरला शाळेच्या बाकांचं सुतारकाम करतो, हे चिंडननी त्याच्याच तोंडून ऐकून घेतलं आणि लाकूड कोणतं वापरतोस असं विचारलं. त्यापुढचं मला ठाऊक नाही. मला वनजाने भाजी आणायला पिटाळलं.

सोमवारी निकाल लागला. चौथ्या गटाला ब श्रेणी. शांताकुमारी टीचरांना ती फार वाटली आणि रिन्शाला फार कमी. माशांच्या टेबलाशी येऊन तिने तक्ता मागितला. शेऱ्यात लिहिलं होतं: 'वय चूक. जावयाचा व्यवसाय नाही. बाकी माहिती खरी, संबंधितांनी समक्ष येऊन खात्री केली.'

"आणि तारीख नव्हती, माश, तिचे किती कापले?"

"तिचे नाही कापले," मास्तर म्हणाले. "तिची घाई नाही."