सत्तारभाईंचा लाल-हिरवा उजेड

सकीनाभाभींनी शेजाऱ्यांच्या फोनवरून तीन-तीनदा लावून मला सुरतेत गाठलं, म्हणून त्यांचे मालक, सत्तारभाई, गेल्याचं मला त्याच दिवशी कळलं. रडू आलं, अन् थोड्या वेळानं हसूही... कारण डोळ्यांपुढं आला तो माझाच म्हातारा चेहरा.

लातूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, दुष्काळ होता. आमच्या शिरूर अनंतपाळला वस्तीतली मंडळी जयंतीचं नाटक बसवत होती. माझी शाळा पाचवीतच सुटलेली; वाचताना अडखळायचे, म्हणून मला कुणी काम देईना. दिवे सांभाळायचे सत्तारभाई. पूर्वी ते तंबूतल्या टॉकीजचं मशीन चालवायचे. तिथं एकदा इटलीचा जुना, काळा-पांढरा भुताचा सिनेमा आला होता. त्यात एक देखणी बाई बघता बघता म्हातारी होते. सत्तारभाईंनी रीळ हातावर घेऊन एकेक चित्र तपासलं. कुठं जोड सापडेना. शेवटी उमगलं, सुरकुत्या आधीच लाल रंगानं काढलेल्या असणार. लाल उजेडात त्या दिसत नाहीत, हिरवा पडला की काळ्या उठतात. "त्या लोकांकडं पैसा कमी, पण उजेड लई डोकेबाज," म्हणायचे. पुढं हिंदी भुताटकीत रंगीत दिवे दिसले की हटकून सांगायचे, "हे बी तिकडूनच आलंय."

माझ्या तोंडावर लाल रंगानं सुरकुत्या काढत मला म्हणाले, "बेटा, तुला बोलायचं न्हाई. नुसतं उभं राहायचं, हलायचं न्हाई."

नाटक भर दुपारी, गोदामाची दारं लावून झालं. चेहऱ्यावरून घाम ओघळत होता. आता हलले तर पुन्हा कुणी उभं करणार नाही, एवढंच डोक्यात. सत्तारभाईंनी लाल दिव्यापुढं हळूच पत्रा सरकवला, हिरव्यापुढचा काढला.

"आरं, आत्ता तर पोरगी होती की," पुढचे एक आजोबा बोलले.

"गप बसा. तुमच्याकडंच बघायलीय ती," त्यांची म्हातारी म्हणाली. मी हलले नाही. माझी आईसुद्धा पदर तोंडाला लावून बसली होती.

बाहेर आले तर तोंडावर लालभडक पट्टे, अन् धुवायला पाणी कुठलं... तेवढ्यात सकीनाभाभी टँकरच्या रांगेतून घागर घेऊन आल्या.

"वाक खाली. अशी गेलीस तर कुत्री मागं लागतील."

"भाभी, प्यायचं पाणी हाय ते."

"मग धुता धुता पी."

सत्तारभाई हसून हसून खालीच बसले.

रांगेत थांबल्यामुळं भाभींनी मात्र तो खेळ पाहिलाच नाही. परवा फोनवर विचारत होत्या, "तेव्हा खरंच म्हातारी दिसली होतीस का गं?" मी म्हटलं, "ते सांगून कळायचं न्हाई, भाभी, बघायलाच पायजे."

भाभी, दोन दिवे अन् लाल रंग घेऊन मी एक दिवस येणार आहे. सुरकुत्यांचं निम्मं काम आता आपोआप झालंय. तुम्ही खुर्ची टाकून अगदी माझ्या समोर बसायचं.