भोवरा थांबेपर्यंत

डावा हात वर, पंजा समोर, रस्त्यावरचा पोलीस मोटार अडवतो तसा. आणि तोंडात ठरलेलं वाक्य : "थांबा, हिले थंडी होऊ द्या."

धरणावर जेवणाची घंटा होऊन गेलेली असायची. बाया-माणसं टोपल्या टाकून पळसाच्या सावलीत बसलेली असायची, भाकरी सुटलेल्या असायच्या, आणि आमचे चाचा बुलडोझरवर तसेच बसून. मशीन जागेवरच हळू धडधडत असायची. कुणी हाक मारली की तो पंजा वर.

साठ सालानंतरची गोष्ट. पुसदकडच्या डोंगरात एका धरणाचं काम चालू होतं आणि मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते. टिनाच्या चाळीत माझ्या शेजारची खोली चाचा-चाचींची. ते मूळचे दारव्ह्याचे, आधी मालट्रक चालवत. अंगानं काटकुळे, दाढीला मेंदी. मला पहिल्या दिवसापासून "बाई" म्हणायचे आणि कधी एकेरीवर आले नाहीत.

एकदा त्यांचा भाजलेला हात बांधता बांधता मी विचारलं, "चाचा, घंटा झाली की मशीन बंद करायची, एवढं साधं काम. तुम्ही बसून काहून राहता?"

"हिच्या पोटात एक भोवरा हाय, बाई," ते म्हणाले. "धुराच्या जोरावर फिरते अन् इंजिनाले हवा पाजते. लई जोरात फिरते. तापून लाल होते. एकदम बंद केली का तेल थांबते, पण भोवरा थांबत नाई. कोरडाच फिरते, अन् जळते."

साहेब लोक त्याला टर्बोचार्जर म्हणत. धरणावर सगळे भोवराच म्हणायचे. आदल्या वर्षी दुसऱ्या एका चालकानं तो असाच जाळला होता. सुटा भाग बाहेरदेशातून यायचा. पावसाळा उलटला तरी मशीन ताडपत्रीखाली पडून होती आणि त्या चालकाला घरी पाठवलं होतं. मग ती चाचांच्या हातात आली. तेव्हापासून चाचांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. चाची हसून सांगायची, "झोपीतबी हात वर करते हो बाई हे! मी भांडाले लागली तरी तसंच. मी बोलून बोलून थकते, तवा म्हणते, 'हं, आता सांग.'" अशा माणसांना लोक हसतात, तुम्हीही एखाद्याला हसला असाल. आम्हीही हसायचो. पण त्या हात वर करण्यात भीती किती होती ते आम्हाला दिसलं नव्हतं.

मग तो उन्हाळा आला. मृग जवळ आला होता आणि सांडव्याच्या चारीचं खोदकाम संपवायची घाई चालली होती. दुपारी चारीची एक बाजू खचली. वरून मुरूम-मातीचा ढीगच्या ढीग खाली आला. जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली माणसं खाली काम करत होती. बाकीची पळाली, झमकी नावाची एक तरणी बाई आणि तिचा दीर आत राहिले.

मी पट्ट्यांची पेटी घेऊन पोचले तोवर चाचा मशीन घेऊन आले होते. चारीचं तोंडच बुजलं होतं, आत जायला वाट नव्हती. पूर्ण जोर लावून ते माती बाजूला लोटत होते. धुराड्यातून काळा धूर आणि तो भोवऱ्याचा शीळ घातल्यासारखा आवाज. एवढा आवाज मी त्या मशीनचा कधी ऐकला नव्हता. वाट झाली. माणसं फावडी घेऊन आत घुसली, पण खणायचं कुठं? ढीग केवढा तरी होता.

तेवढ्यात झमकीची सासू ओरडली, "आवाज येऊन राह्यला! माही सून बोलून राह्यली!"

सगळे गप्प झाले. मशीनच्या धडधडीत काहीच ऐकू येईना. मुकादमानं हातानं खूण केली. चाचांनी मशीन हळू केली. तरी काही नाही. म्हातारी मातीला कान लावून पडली होती आणि नुसती मान हलवत होती.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांचा हात इंजिन बंद करायच्या दांड्यावर होता. त्यांनी एकदा त्या तापलेल्या धुराड्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि दांडा ओढला.

इंजिन गप्प झालं. पण शांतता झाली नाही. तो भोवरा एकटाच फिरत राहिला, शीळ बारीक बारीक होत गेली. आणि शीळ संपली तेव्हा मातीच्या पोटातून बाईमाणसाचा आवाज आला : "याडी... ये याडी..."

आईला हाक मारत होती. माणसं त्या जागेवर तुटून पडली. फावडी टाकून हातांनी माती उकरली. झमकी निघाली ती डोळे, नाक, तोंड मातीनं भरलेली आणि उजवा पाय मोडलेला, पण जिवंत. मी तिचं तोंड पुसलं, पाय फळीला बांधला, आणि जीपनं तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिचा दीर दिवस मावळताना सापडला. त्याच्यात जीव नव्हता.

दुसऱ्या सकाळी चाचांनी मशीन सुरू केली. निळा धूर सुटला आणि आतून खरखर असा आवाज. ते खाली उतरले, पत्र्यावर एकदा हात फिरवला आणि चाळीकडे चालू लागले.

पाऊस तोंडावर आणि मशीन बंद. वरून चौकशी आली. जखमींची माहिती द्यायला मलाही ऑफिसात बसवलं होतं. चौकशीचे साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळच विचारलं, "मशीन मागे नेऊन थंड करता आली नसती का?"

"मागं नेली असती तर जमीन हालली असती, साहेब. वरची माती अजून लटकूनच होती."

"भोवरा जळेल हे ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

आमच्या धरणाचे इंजिनियर मध्येच म्हणाले, "मी तिथं असतो तर मीच बंद करायला सांगितली असती." साहेबांनी मान डोलावली. पण खोळंबलेल्या कामाचा जाब कुणीतरी द्यायला हवा होता. चाचांना मशीनवरून उतरवलं आणि दूरच्या रस्त्याच्या कामावर रोलर चालवायला पाठवायचं ठरलं.

आम्हाला वाटलं, या अन्यायानं ते खचले. तसं नव्हतं. एका संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तुम्ही त्या झमकीच्या दिराले धुतलं. खरं सांगा. तो लगेच गेला, का हाका मारून राह्यला होता?"

मी पाट पुढं सरकवला, पण ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"मी वेळ लावला, बाई. आधी म्हटलं, हळू करून पाहू. कायले? मले मशीनची काळजी. तेवढ्यात तो बोलला असंल तर?"

"तुम्ही वाट केली नसती तर कुणीच आत गेलं नसतं, चाचा."

"ते नाई इचारत मी."

धरणावर सगळे त्यांना सांगत होते, लगेच गेला, चाचा, लगेच गेला. माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहून मला ते बोलवेना. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

ते उंबऱ्यावर टेकले. मग म्हणाले, "खरं बोलल्या तुम्ही. बाकीचे मले लेकरासारखं समजावून राह्यले."

रोलरवर ते गेलेच नाहीत. राजीनामा दिला आणि दारव्ह्याला भावाकडे गेले. जाताना चाचीनं माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं; चाचा बसच्या टपावर सामान बांधत होते. थंडीत त्यांनी छातीचं दुखणं धरलं. चाचीनं कुणाच्या तरी हाती निरोप धाडला, तोवर सगळं आटोपलं होतं.

कापूस वेचून झाल्यावर झमकी आली. काठी टेकत, सासूला बरोबर घेऊन. फडक्यात शेंगा बांधून आणल्या होत्या. "मशीनवाल्या बाबाचं घर कोन्तं?" तिनं विचारलं.

ते गेले, हे मला सांगावं लागलं. ती चाचांच्या बंद खोलीच्या ओट्यावर बसली. रडली नाही. शेंगांचं फडकं मांडीवर घेऊन म्हणाली, "बाई, मी त्यायले पाह्यलंच नाई. डोये मातीनं भरले होते माहे. कसे दिसत होते?"

मी तिच्याजवळ टेकले. काटकुळे होते, म्हटलं. उंच नाही, माझ्याएवढेच. मेंदीची दाढी. हसताना डावा गाल आत जायचा. कानांवर पांढरे केस, टोपीखालून नेहमी बाहेर आलेले.

मी सांगत गेले, आणि झमकीनं डोळे मिटून घेतले.