वेळ्ळम् आणि पाणि

अन्याय झाला तो नाल्याकाठच्या पालांत राहणाऱ्या ओडिया मजुरांवर. झाला भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान. केला मी. पत्रकात दोषी कोण ते पहिल्याच ओळीत लिहायचं, असं आम्ही संघटनेवाले इतरांना शिकवतो. मग माझ्याच वेळी ते शेवटच्या ओळीत ढकलायचं कारण नाही.

वरवट बकालच्या पलीकडे एका गावाजवळ पुलाचं काम चाललं होतं. त्या गावात कावीळ पसरली. नालीचं पाणी नाल्याकाठच्या विहिरीत उतरत होतं. पंचायतीनं विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं मराठीत ‘पाणी पिण्यास अयोग्य’ लिहिलं, गावात टँकर फिरवला आणि हात झटकले. टँकर पालांपर्यंत गेला नाही. मजूर त्याच विहिरीचं पाणी पीत राहिले. मराठी वाचणारं तिथं कुणी नव्हतं. थोडं हिंदी येणारा मुकादम दिवाळीला गावी गेला होता.

मी कामावरच्या सुपरवायझरला विचारलं, हे लोक कुठले?

“मले काय माहीत, भाऊ. ठेकेदार आणते, आम्ही मोजून घेतो. साऊथचेच असतीन. भातच खातेत लेकाचे.”

एका पालाबाहेर तांदळाचं रिकामं पोतं पडलं होतं. त्यावर गोल गोल अक्षरं. मी लांबूनच पाहिलं आणि म्हणालो, “मल्याळम आहे.” इतक्या खात्रीनं म्हणालो की मलाच ते पटलं. पालाच्या दारात माणसं बसलेली होती. त्यांना विचारायला चार पावलं टाकावी लागली असती.

‘प्रत्येकाला त्याच्या मायबोलीत माहिती’ ही आमची मागणी. भाषणात मी ती कितीदा तरी ओरडून मांडलेली. हिंदीत चिठ्ठी लिहिणं मला कमीपणाचं वाटलं. शेगावात टायर रिमोल्डिंगचं दुकान चालवणारे एक केरळचे गृहस्थ माझ्या ओळखीचे. वीस वर्षांत इतकी वऱ्हाडी मुरलेली की फोनवर कुणी ओळखणार नाही.

“अण्णा, मल्याळममध्ये चार ओळी लिहून पाहिजेत.”

“अण्णा त्या तमिळवाल्यांले म्हण. आमच्यात चेट्टा म्हणतेत. पण तुमच्यासाठी आम्ही सारे एकच.”

मी हसलो. त्यांनी बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं. पहिली ओळ वाचूनही दाखवली, “ई वेळ्ळम् कुडिक्करुत्.” हे पाणी पिऊ नका. मग पेन खिशाला लावत म्हणाले, “कोणत्या गावचे हायेत रे ते? मी येऊ का? माझ्या मुलखाचं माणूस इकडे भेटत नाही.”

“नंतर या, चेट्टा. झेरॉक्सवाला दुपारचं बंद करतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पालापालांत कागद वाटले. एक बाई हंडा घेऊन विहिरीकडे निघाली होती. सातवा महिना असावा. तिनं हंडा खाली ठेवला, ओला हात पदराला पुसला आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. मी विहिरीकडे बोट दाखवलं, कागदाकडे दाखवलं, हात जोडले. तिनं मान हलवली. मी फोटो काढला आणि परतीची जीप धरली. तिनं हंडा उचलून काय केलं, ते बघायला मी थांबलो नाही. समोरच्यानं मान हलवली की त्याला समजलं असं धरायचं, ही आम्हा वाटणाऱ्यांची खोड आहे.

महिनाभरानं पालांत कावीळ आली. दोघेतिघे बरे होऊन उठले. ती हंडा घेतलेली बाई उठली नाही. आधी शेगावला नेली, तिथून अकोल्याला. गरोदर बाईला ही कावीळ झेपत नाही. ती गेली, पोटातलं गेलं.

मी भेटायला गेलो तेव्हा मुकादम परत आला होता. तिच्या नवऱ्यानं पत्र्याच्या पेटीतून माझा कागद काढला. चार घड्या नीट घातलेला. त्यानं मुकादमाला काही विचारलं आणि मुकादमानं मला विचारलं, “ये पूछता है, इसमें लिखा क्या है?”

मी सांगितलं.

“फिर मुँह से क्यों नहीं बोला?” हे नवऱ्यानं स्वतःच विचारलं, मोडक्या हिंदीत. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला घेऊन गेलो. त्यांनी ते पोतं हातात घेऊन लगेच खाली ठेवलं. “हे माझं नाही, बाबू. हे ओडिया.” अक्षरं दोन्हीकडे गोल. ताडपत्रावर टोकदार लेखणीनं आडव्या रेघा ओढल्या तर पान फाटतं, म्हणून दोन्हीकडे लिहिणाऱ्यांनी हात गोल वळवला, असं सांगतात. पण नीट पाहिलं तर ओडिया अक्षर डोक्यावर छत्री धरून उभं असतं आणि मल्याळम अक्षर चकलीसारखं आडवं पसरतं. पोरालाही कळावं इतका फरक.

आणि बोलणं तर पार वेगळं. दुकानदारांनी स्वतःच्या हाताला हात लावून म्हटलं, “कै.” नवरा म्हणाला, “हात.” नाकाला बोट लावलं, “मूक्क्.” तो म्हणाला, “नाक.” घराला यांचं वीड, त्याचं घर. वेळ्ळमला त्याचं पाणि. कावीळ मल्याळममध्ये मंजपित्तम्, ओडियात कामळ. ळ तेवढा आम्हा तिघांतही होता. मग दुकानदारांनी पोटावर हात ठेवला, “वयर्.” नवरा म्हणाला, “पेट.” पलीकडे चुलीवर भात उतू जात होता, त्याकडे कुणी उठलं नाही.

थोड्या वेळानं मुकादमाला मी विचारलं, हे पाणी पिऊ नका, हे तुमच्यात कसं म्हणतात? तो म्हणाला, “ए पाणि पिअ नाहिं.”

कागद न घेता मी नुसता विहिरीवर उभा राहिलो असतो आणि माझ्या वऱ्हाडीत “हे पाणी पेऊ नका” म्हणालो असतो, तरी त्या बाईला कळलं असतं. माझी बोली तिच्या नात्यातली निघाली. मी तिच्या हातात दिला तो हजार मैलांवरच्या परक्याचा कागद, आणि वर मायबोलीचा गर्व.

आमच्या बैठकीत हे ‘भाषांतरातील त्रुटी’ म्हणून लिहून घेतलं. मी सही केली नाही. भाषांतर अचूक होतं. मी माणसांना विचारलं नव्हतं.

तुमच्या तालुक्यातही रस्त्यावर, पुलावर, जिनिंगमध्ये परमुलखाची माणसं आहेत. या आठवड्यात तिथं जा. पाण्याला काय म्हणता, हे त्यांच्याच तोंडून ऐका आणि ते कुठलं पाणी पितात ते डोळ्यांनी बघा. ज्याच्यासाठी कागद छापला, त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय कुणालाही वाटू देऊ नका. वाटणारा मी असलो तर माझ्या हातातून हिसकावून घ्या.