मामांचं एक ते पाच

माझ्या मामेसासऱ्यांच्या तावडीतून पुण्यातला एकही स्वभाव न मोजता सुटलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. मामा मानसशास्त्रज्ञ. नोकरभरतीसाठी स्वभावाच्या चाचण्या तयार करण्यात त्यांची हयात गेली. 'मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं' असलं एखादं साधं वाक्य समोर ठेवायचं आणि ते आपल्याला किती लागू पडतं ते एक ते पाचमध्ये सांगायला लावायचं. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे अगदी तंतोतंत. निवृत्तीनंतर ऑफिस सुटलं, वाक्यं सुटली नाहीत. हेच वाक्य त्यांनी एकदा आमच्या फरसाणवाल्यांना ऐन गर्दीत टाकलं. "एक," काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "आणि तुम्ही तर ओळखीचे आहात. पुढचे कोण?" एका रिक्षावाल्याला त्यांनी विचारलं, नव्या ठिकाणी जायची तुम्हाला हौस आहे का? तो म्हणाला, "स्वारगेटपर्यंत हाय. पुढं दुसरी रिक्षा बघा." मामा त्या उत्तरावर दोन दिवस खूश होते.

पुणेकरांनी त्यांना छळलंही भरपूर. 'मी तोंडावर स्पष्ट बोलतो' हे वाक्य त्यांनी माणसातला तुसडेपणा पकडायला रचलेलं. पण आमच्याकडे तो सद्गुण! जो तो छाती काढून पाच सांगायचा आणि बेरीज केली की सगळी पेठ तुसडी निघायची. "चाचणी चुकली असेल का?" मी एकदा भीत भीत विचारलं. "चाचणी बरोबर आहे," मामा म्हणाले, "पेठेला अभिमान कशाचा वाटावा, ते चुकलंय."

माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. म्हणून दुसरं मत ते नेहमी घरच्या माणसाकडून घेणार. माझं लग्न ठरत होतं तेव्हा 'मी चिडका आहे' या वाक्याला मी ऐटीत एक सांगितला. मामा तडक आमच्या स्वयंपाकघरात गेले आणि आईला विचारून आले. "भूक लागली की पाच," आईनं सांगून टाकलं होतं. बाहेर येऊन मामांनी बायकोकडच्या मंडळींना निकाल दिला, "मुलगा ठीक आहे, पण आई खरं बोलणारी आहे. करून टाका." माझा संसार असा आईच्या गुणांवर उभा आहे.

मामांबद्दलचं दुसरं मत अर्थातच मामींचं. नवी चाचणी झाली की मामा ती आधी स्वतःवर लावून बघत आणि मामी मेथी निवडता निवडता त्यांच्याबद्दल आकडे सांगत. 'हा माणूस हट्टी आहे.' "पाच. पुढचा आकडा नाही का हो?" 'हा माणूस नीटनेटका आहे.' "स्वतःच्या टेबलापुरता." सगळं असं फटाफट चालायचं, फक्त 'हा माणूस प्रेमळ आहे' हे वाक्य आलं की मामी उठायच्या. "काहीतरीच विचारता! आत दूध उतू चाललंय!" म्हणत आत निघून जायच्या. मागोमाग पेन्सिल घेऊन मामा. "अगं, एक वाक्य सुटलं तर बेरीज होत नाही!" मामींनी त्याचं उत्तर कधीही दिलं नाही, आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो.

गेल्या वर्षी मामी गेल्या. त्यानंतर मामांनी कुणालाच काही विचारलं नाही. आम्हाला त्याचीच धास्ती वाटायला लागली. एका रविवारी ते जेवायला आमच्याकडे आले होते. ताक संपवून वाटी खाली ठेवली आणि माझ्या बायकोला म्हणाले, "रिकामं सोडलेलं वाक्य म्हणजे बहुतेक वेळा 'नाही' असतं. मीच शिकवायचो पोरांना. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून माणूस ते सोडून देतो."

"मामा, अहो..."

"नाही, बरोबरच आहे तिचं. मला कुठे काय बोलता आलं कधी? जे बोललो ते आकड्यांत." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "मी मामीला विचारलं होतं, त्याच वाक्याला तू उठून का जातेस म्हणून. माहितीये काय म्हणाली? 'उत्तर दिलं की यांची चाचणी पुरी होईल. मग परत कशाला विचारतील? तेवढ्यासाठी तरी हा माणूस माझ्या मागे मागे येतो, तो येऊ दे की.'"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला खरंच वाटायचं," ते म्हणाले, "आत दूध उतू चाललंय."

मग ते रडायला लागले. आम्ही त्यांना रडू दिलं.