त्रिविक्रमाची छाटणी

आमच्या गच्चीवर गुलाबाच्या चोवीस कुंड्या आहेत. रोपवाटिकेच्या चिठ्ठ्यांवरची परदेशी नावे पहिल्याच उन्हाळ्यात विटली, तेव्हा नामकरणाचे कार्य मी हाती घेतले. जन्मभर संध्या केलेल्या मनुष्यास चोवीस म्हटल्यावर दुसरे काय सुचणार? संध्येच्या आरंभीची विष्णूची चोवीस नावे मी लक्षणे पाहून वाटली. वीतभर उंचीचा, बोराएवढ्या फुलांचा तो वामन. पाण्याच्या टाकीवर चढून शेजाऱ्यांच्या गच्चीत पाऊल टाकणारा वेलगुलाब तो त्रिविक्रम. गंधाने इंद्रिये जिंकणारा तो हृषीकेश. वर्गीकरण इतके निर्दोष उतरले की दोन दिवस मी स्वतःवरच प्रसन्न होतो.

घरात मात्र भलतेच सुरू झाले. "अहो, माधवाला मावा लागलाय!" पत्नी जिन्यातून ओरडे. "आणि वामनाला शेणखत कमी पडतंय."

पाऊस सरला, छाटणीची वेळ आली. होटगीहून येणाऱ्या माळ्याने कात्री उघडली. "आजोबा, कुनापासनं सुरू करू?"

नावांच्या क्रमाने उत्तर 'केशवापासून' असे होते. नित्य ज्याच्या नावाने आचमन करावयाचे, त्याला कमरेतून कसे कापावे?

"यंदा राहू दे."

"मग फुलं न्हाय येनार की!"

नाहीच आली. थंडीभर चोवीस विष्णू नुसते काट्यांनी वाढले, आणि देवघरातल्या विष्णूसाठी मी रोज सकाळी सात रस्ता चौकातून विकतची फुले आणू लागलो.

पुढच्या आश्विनात तोडगा पत्नीनेच काढला. "माणसांची नावं द्या. तुमच्या भावकीची."

"तुझ्या माहेरची अधिक सोयीची पडतील."

"मग निम्मी निम्मी!"

त्रिविक्रमाचे थोरले मेहुणे झाले. पसरण्याचा गुण समानच होता. माळ्याच्या हातून कात्री मी स्वतःच घेतली.

"आजोबा, पुरं की! खुंट तरी ठेवा!" माळी मागे ओरडत होता.

मार्गशीर्षात एके सकाळी पत्नी ओंजळीएवढे लाल फूल घेऊन खाली आली. "माझ्या दादानं कधी काही दिलं नाही म्हणता ना? हे घ्या."

मी ते विष्णूच्या मस्तकी वाहिले. माझ्या थोरल्या बंधूंच्या कुंडीत अद्याप कळीसुद्धा नाही. तो विषय घरात मी काढत नाही.