सुइणींचे बिल आणि दत्तोपंत

म्युनिसिपालिटीचा पट्टेवाला शाळेच्या दारात दिसला की मी छत्री घेऊन निघायचो. दत्तोपंतांचे बोलावणे असणार, हे ठरलेले. महिन्यापूर्वी तो असाच भर वर्गात दारापाशी आला. मी खडू ठेवला, छत्री उचलली. तो म्हणाला, "मास्तर, पंत गेले... सकाळीच." मुलांना मी काय सांगून बाहेर पडलो ते आठवत नाही.

दत्तोपंत म्युनिसिपालिटीत हेडक्लार्क होते. मुंबई सरकार नवा कायदा करायला निघाले की त्याचे बिल गावोगावच्या म्युनिसिपालिट्यांकडे अभिप्रायासाठी येई. बहुतेक ठिकाणांहून ते 'सहमत' एवढ्या शेऱ्यावर परत जात असावे. आमच्याकडे ते आधी दत्तोपंतांच्या टेबलावर थांबे. ते त्याचे मराठी करत, भाषा तपासायला मला बोलावत, आणि मग ज्यांना तो कायदा लागू व्हायचा त्यांच्यात जाऊन मोठ्याने वाचून दाखवत. टांगेवाल्यांसंबंधीचे बिल त्यांनी टांग्यांच्या अड्ड्यावर वाचले, तांबटांचे तांबट आळीत, हातोड्यांच्या आवाजात. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले, "उद्या पाठीवर पडणार आहे, आज कानावर तरी पडू दे."

मग सुइणींचे बिल आले. सरकारी परीक्षा पास न झालेल्या बाईने पैसे घेऊन बाळंतपण केले तर तिला शिक्षा, हे त्यातले मुख्य कलम. त्याच्या आदल्याच वर्षी माझी पत्नी बाळंतपणात गेली होती. मूलही राहिले नाही. तिसऱ्या दिवशी ताप चढला, आणि डॉक्टरांनी पुढे सुइणीच्या हातांना दोष दिला. दत्तोपंतांना हे सारे ठाऊक होते. ते बिल दुसऱ्या कोणाकडून तपासून घेणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले. मी दोन दिवस भाषांतर तपासले आणि म्हणालो, एका ओळीत पूर्ण पाठिंबा कळवा. "कळवू की," ते म्हणाले, "पण आधी वाचून दाखवू. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

मी गेलो. रागाने गेलो, हे आज कबूल करतो.

पंचवटीतल्या एका धर्मशाळेच्या ओसरीवर दहा-बारा सुइणी जमल्या होत्या. त्यांत ठकूबाई म्हणून एक उंच, काटक बाई होती, मूळची वणीकडची. दत्तोपंत प्रत्येक कलम वाचून थांबत. 'कळले का' असे ते कधी विचारत नसत, कारण त्यावर सगळेच मान डोलावतात. ते म्हणत, "आता तुम्ही मला सांगा, काय कळलं." मुख्य कलमाशी ते थांबले तेव्हा ठकूबाई म्हणाली, "म्हंजी पैसं घेतलं तर गुन्हा. अन् शेजारणीनं फुकाट बाळंतपण करून बाई मारली, तर तिला काय नाय?"

बायका हसल्या. दत्तोपंतांनी कलम पुन्हा वाचले. मीही वाकून पाहिले. ती म्हणत होती तसेच होते. आम्ही दोघे शिकलेसवरलेले त्या कागदावर इतके बसलो, आणि आम्हाला ते दिसले नव्हते.

त्या हसण्याने माझा तोल गेला. मी म्हणालो, "माझी बायको पैसे घेणारीच्याच हातून गेली." ठकूबाईने हळूच विचारले, "हात धुतलं व्हतं का तिनं?" मला माहीत नव्हते. "मला बी आधी ठावं नव्हतं," ती म्हणाली. "दवाखान्यातल्या डाक्टरीणबाईनं सांगितलं, तवापास्नं धुते. त्याच्या आधी माझ्या हातून किती जणी गेल्या आसतील, म्या मोजत नाय. तिला कुणी सांगितलंच नसंल, मास्तर."

समजूत घालणे दत्तोपंतांच्या स्वभावात नव्हते. कचेरीत आल्यावर त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "अभिप्राय तुम्ही लिहा. मी लिहिला तर ती सुइणींवर दया होईल. तुमचा शब्द मी बदलणार नाही." मी 'पूर्ण पाठिंबा' एवढेच लिहिले असते, तरी त्यांनी ते तसेच सभेपुढे ठेवले असते, याची मला खात्री आहे. इतका विश्वास माझ्यावर आयुष्यात दुसऱ्या कोणी टाकला नाही. म्हणूनच तो कागद तीन दिवस माझ्या घरी कोरा राहिला... चौथ्या दिवशी मी लिहिले की कायदा हवाच. पण जुन्या सुइणींना आधी शिकवावे, परीक्षा तोंडी आणि मराठीत घ्यावी, आणि स्वच्छतेचा नियम पैसे घेणारीला व न घेणारीला सारखाच असावा. दत्तोपंतांनी एक शब्द बदलला नाही. खाली फक्त एक ओळ जोडली : 'शेवटची उणीव पंचवटीतील सुईण ठकूबाई यांनी दाखवून दिली.'

सभेत त्या ओळीची बरीच थट्टा झाली. एका सभासदांनी विचारले, यापुढे गावाचा कारभार सुइणींना विचारून चालवायचा का? दत्तोपंत नोकर माणूस, त्यांना सभेत मत नव्हते. त्यांनी ती ओळ फक्त पुन्हा वाचली, तितक्याच सावकाश. शेवटी अध्यक्षच म्हणाले की आपण सारे निवडून येण्याआधी त्यांच्याच हातून आलो आहोत, आणि अभिप्राय मंजूर झाला. सरकारने त्यातले काय घेतले ते आम्हाला कळले नाही. पोच तेवढी आली. पण लिहून पाठवलेले आपण तरी पाळावे, असे दत्तोपंत ज्याला त्याला सांगत राहिले, आणि दवाखान्यात सुइणींचा वर्ग निघाला. ठकूबाई पहिल्याच खेपेला पास झाली.

दत्तोपंत गेल्यावर दहा-बारा दिवसांनी माझ्या धाकट्या बहिणीचे दिवस भरले. देवळ्याहून ती बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. आईने मला न विचारता ठकूबाईला बोलावणे धाडले. सकाळची वेळ होती. चुलीवर पाणी उकळत होते. ठकूबाईने बांगड्या वर सारून कोपरापर्यंत हात धुतले, आणि आत जाण्याआधी दारात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन्ही हात उलटसुलट करून तिने पुढे धरले.

"बघा," ती म्हणाली. "वर्गात डाक्टरीणबाईला दावायला लागायचं. हितं तुम्हाला दावते."

नखे कापलेली होती. बोटांची टोके पाण्याने सुरकुतली होती. मी ते हात नीट पाहिले, दत्तोपंत एखादे कलम पाहत तसे, घाई न करता. मग मी दारातून बाजूला झालो.