स्पिरिच्युअल प्रसन्न आणि याकोबमामा

भोकरच्या आमच्या चर्चमध्ये माणसं थोडी, पण किस्से रग्गड! मी पेटी वाजवतो. प्रवचन चालू असताना मला काम नसतं, त्यामुळे सगळं नीट दिसतं आणि ऐकू येतं.

त्यात पुण्याची नोकरी घरून करायला प्रसन्न गावी परतला. पहिल्याच रविवारी त्यानं आमचे जुने पंच याकोबमामा यांना सांगून टाकलं, "मामा, मी आता रिलिजियस न्हाई. स्पिरिच्युअल हाय."

मामांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "हाव का? सतरंजी उचलता येती न्हवं?"

* * *

प्रसन्ननं आमच्या पास्टरांच्या, म्हणजे पाळकसाहेबांच्या, मागे लागून उपासनेत दहा मिनिटं मेडिटेशन मिळवलं. "विचार आले तर येऊ द्या, गेले तर जाऊ द्या."

शेवटी त्यानं मार्थाबाईंना विचारलं, "काय अनुभव आला?"

"लई भारी! कपाटाची चावी कुठं ठेवली ते आठवलं!"

पुढच्या रविवारी बायका स्वतःहून डोळे मिटून बसल्या. एकीचं रेशनकार्ड हरवलं होतं, एकीचं कानातलं!

* * *

बायबलच्या अभ्यासाला प्रसन्न म्हणाला, "येशू म्हणजे व्यक्ती न्हाई, युनिव्हर्सल एनर्जी हाय."

मामा उसळले. "माझा प्रभू मेलेल्यातून उठला आन् शिष्यांसाठी मासे भाजत बसला. तुझी एनर्जी न्याहारी करून घालती का?"

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला.

मामा खुशीत म्हणाले, "बघ, गेली तुझी एनर्जी!"

* * *

"सगळ्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोचतात," हे प्रसन्नचं आवडतं वाक्य. पाळकसाहेब नुसतं ऐकून घ्यायचे.

उमरीला लग्न होतं. माझी पेटी घेऊन प्रसन्न पुढे निघाला. लग्न तोंडावर आलं, पेटीचा पत्ता नाही! मग फोन आला. गप्पांच्या नादात पठ्ठ्या हिमायतनगरच्या बसमध्ये बसला होता.

"साहेब, आता काय करू?"

पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "थांब तिथंच. उमरी येईल!"

लग्न टाळ्यांवर लागलं.

* * *

मामा आता ठणठणीत आहेत, म्हणून हे सांगतो. नांदेडला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. पाळकसाहेब लातूरला अडकलेले. मामांजवळ प्रसन्न आणि पिशवी धरून मी.

मामांची कवळी काढून ठेवलेली, शब्द नीट फुटेनात. ते म्हणाले, "प्रसन्न, मतांगीकार म्हण."

मतांगीकार म्हणजे आमच्या विश्वासाची कबुली, आम्ही दर रविवारी उभं राहून म्हणतो ती. प्रसन्नला लहानपणापासून पाठ. त्यानं सुरुवात केली, "मी विश्वास..." आणि थांबला. डोळे भरून आले.

"मामा, तुमच्यापुढं खोटं कसं बोलू? माझा विश्वास हाय का न्हाई, मलाच कळून न्हाई राहिलं."

वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलू लागला. मामांनी प्रसन्नचा हात घट्ट धरला.

"तू नुसता म्हण रं. विश्वास मी ठेवतो!"